पंधरा शब्द

एक ते सात आकडे.
किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, बिनहुकमी.
पास. डबल. रिडबल.
मोजा, पंधरा होतात.
चौतीस वर्षं सबनीस आणि मी
एवढ्यावर भागवत आलो.

दर बुधवारी, माटुंग्याला, जिमखान्याच्या वरच्या मजल्यावर,
जिथे पंखा मोठा केला की पत्ते उडतात
आणि बारीक केला की माणसं कुरकुरतात.
ते विमा कंपनीतून यायचे, मी गोदीच्या हिशेबखात्यातून.
अजून अहोजाहो करतो.
त्यांच्या मुलीचं लग्न मोडल्याचं मला दोन वर्षांनी कळलं,
तेही गुप्त्यांकडून, चहाच्या रांगेत.
पण इस्पिकचा एक्का एकटा आला
की ते पत्ते किंचित छातीशी धरतात,
हे मला ठाऊक होतं,
आणि ठाऊक आहे हे स्वतःलाही कळू द्यायचं नाही,
असा नियम.

नियम कडक.
आवाज चढवायचा नाही, भुवई उचलायची नाही,
जोडीदार थबकला
तर त्या थबकण्यातून निरोप घ्यायचा नाही.
पहिल्याच वर्षी पंचांनी आम्हाला दंड केला :
‘पास’ म्हणताना सबनीसांनी सुस्कारा सोडला होता.
पुढे बोलीचे डबे आले, छापील कार्डं आली,
तोंड उघडायचंही कारण उरलं नाही.
काय ते बोलणं व्हायचं नंतर,
पाच उद्यानांच्या कडेने, अकरा वाजून गेल्यावर :
“सत्ती का टाकलीत?”
“तुम्ही बदाम का नाही परत केलात?”
एका सत्तीवर दोन फेऱ्या.

एकोणनव्वद साली, अंतिम फेरीत, सहा इस्पिक.
खेळणारा मी.
चौकटची राणी डावीकडे की उजवीकडे?
मी डावीकडे शोधली.
ती उजवीकडे, दातांच्या एका डॉक्टरच्या मुठीत
निवांत बसली होती.
एक हात उणा. करंडक ठाण्याला गेला.
सबनीस एवढंच म्हणाले, “निम्मानिम्मा प्रश्न होता.”
झोपेत मी ‘राणी, राणी’ बरळलो,
ते आमच्या हिने अजून माझ्या खाती मांडून ठेवलंय.

मार्चमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला.
हात हळूहळू परतला, शब्द नाही परतले.
चहाला ‘चावी’ म्हणतात, बायकोला ‘मंगळवार’.
मला पाहिलं की ओठ जुळतात, सुटतात,
बाकी काही नाही.
मुलगी म्हणाली, काका, घेऊन तर जा,
बसतील नुसते.

उत्तरेला बसवलं.
तेरा पत्ते लावायला चार मिनिटं लागली.
भाटियाबाई एरवी सेकंद मोजतात,
त्यांनी त्या दिवशी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.
मी एक बिनहुकमी ठेवली.
त्यांचा हात डब्यावर गेला. थांबला.
मी हिरव्या कापडावरचा चहाचा डाग बघत राहिलो.
दोन किलवर.
म्हणजे किलवर नव्हेच. म्हणजे :
बदामाची किंवा इस्पिकची चार पानं आहेत का तुमच्याकडे?
होती.
दोन इस्पिक, मी ठेवलं.
चार, त्यांनी ठेवलं.
या वेळी हात थांबला नाही.

डमी मांडली : हुकूम माझ्या डाव्या अंगाला,
रांगा सरळ, आणेवारी काढल्यासारख्या.
दहा हात हवे होते.
मी नऊच केले.
चौकटची राणी, पुन्हा,
पुन्हा उजवीकडे.
सबनीस हसले,
खिडकीपाशी बसलेल्या पंचांनी मान वर करावी इतके.

चौदा जोड्यांत अकरावे आलो.
त्यांच्या मजल्यावर, दाराशी, ते थबकले.
माझी बाही धरली, बराच वेळ धरून ठेवली,
ओठ जुळले, सुटले.
नियम तो नियम :
थबकण्यातून मी निरोप घेतला नाही.
बुधवारी सहाला येतो, म्हणालो,
आणि जिना उतरलो.